एका वडापावाचा दिवे घाट

परवा रात्री साडेअकराला दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. एवढ्या रात्री त्याचा फोन म्हणजे एकतर कुणाला तरी अ‍ॅडमिट केलंय, नाहीतर त्याच्या हार्ड डिस्कने मान टाकलीय. मी घाबरतच उचलला.

"अगं, सासवड रोडला एक होर्डिंग लागलंय. बघितलंस?"

"दादा, मी कोथरूडला राहते. मी कशाला जाऊ सासवड रोडला?"

"माझा फोटो आहे त्यावर. दिवे घाट. पावसातला."

"सही! मग पार्टी कधी?"

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, "तो फोटो साइटवरून आजवर एकदाच विकला गेलाय. पंचवीस सेंट मिळाले."

पंचवीस सेंट म्हणजे आपले वीस-बावीस रुपये. एक वडापाव. तोही चहाशिवाय.

होर्डिंग होतं एका टाउनशिपचं. हिरवागार घाट, खाली उतरलेले ढग, कोपऱ्यात टू बीएचकेची किंमत. तो फोटो काढायला दादा पहाटे चारला उठून, रेनकोटमध्ये कॅमेरा गुंडाळून, बाइकवर गेला होता. ते त्याने मला सांगितलंही नाही. मलाच आठवलं. कारण त्या दिवशी तो ओलाचिंब होऊन आमच्याकडे आला होता आणि आईने त्याला बाबांचा कुर्ता घालायला दिला होता.

फोन ठेवताना तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, "सेकंड बॉडी विकायला काढतोय. जुन्या कंपनीतून विचारणा आलीय. बघू."

मंडळी, हा माणूस पाच वर्षांपूर्वी हिंजवडीतला चांगला पगार सोडून फोटोग्राफर झालाय. तो जेव्हा 'बघू' म्हणतो ना, तेव्हा त्याचं जवळजवळ ठरलेलं असतं. म्हणून रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन थेट मावशीकडे धडकले.

झोपेत पैसे मिळतात म्हणे!

दादाचा मूळ प्लॅन एकदम सोपा होता. लग्नाच्या सीझनमध्ये लग्नं करायची. सीझन संपला की हार्ड डिस्कवर पडून असलेले बाकीचे फोटो स्टॉक साइट्सवर टाकायचे. एकदा टाकले की ते आपोआप विकले जाणार, आपण झोपेत असताना डॉलर जमा होणार. हा फंडा त्याला एका वर्कशॉपमध्ये कळला होता. (वर्कशॉप घेणारा झोपेत कमवत होता की वर्कशॉपच्या फीवर, हे विचारायचं राहून गेलं.)

आम्ही हिशेब मांडला. तीन वर्षं, ११४० फोटो, सगळ्या साइट्स मिळून कमाई साधारण पस्तीस हजार रुपये. ऐकायला वाईट नाही ना? थांबा. प्रत्येक फोटो निवडणं, साफ करणं, त्याला इंग्रजीत शीर्षक देणं, तीस-चाळीस कीवर्ड घालणं, अपलोड करणं यात सरासरी पंधरा मिनिटं धरली तर झाले २८५ तास. म्हणजे तासाला सव्वाशे रुपयांच्या आत. यात फोटो काढायला लागलेला वेळ नाही, पेट्रोल नाही, कॅमेरा आणि लेन्सची झीज तर नाहीच नाही.

"म्हणजे मी डेटा एन्ट्री करत होतो," दादा म्हणाला. "फक्त कॅमेरा स्वतःचा आणायचा."

मावशी पोहे घेऊन आली होती. तिने स्क्रीनकडे बघितलं आणि काही न बोलता त्याच्या बशीत जास्तीचं खोबरं घातलं.

हा रेट आला कुठून?

मास कॉमला असताना आम्हाला फोटोजर्नालिझम होतं. पण फोटोची किंमत कशी ठरते यावर एक लेक्चर झालं नाही. म्हणून थोडं खोदलं.

पूर्वी स्टॉक फोटो ही महागडी चीज होती. एजन्सीकडे फोन करायचा, फोटो कुठे वापरणार, किती मोठा, किती दिवस, कुठल्या देशात ते सांगायचं आणि त्यावर भाव ठरायचा. एका फोटोचे शंभर-दोनशे डॉलर सहज व्हायचे, जाहिरातीसाठी त्याहून कितीतरी जास्त. २००० साली कॅनडातल्या कॅलगरीमध्ये ब्रूस लिव्हिंगस्टोनने 'आयस्टॉकफोटो' सुरू केलं. सुरुवातीला तिथे डिझायनर लोक आपापसात फोटोंची नुसती अदलाबदल करायचे. मग सर्व्हरचा खर्च निघावा म्हणून किरकोळ पैसे लावले. फोटोला पाव डॉलर! २००३ मध्ये न्यूयॉर्कला जॉन ओरिंजरने स्वतःच काढलेले तीसेक हजार फोटो टाकून 'शटरस्टॉक' काढलं आणि मासिक वर्गणीची पद्धत आणली. ठरावीक पैसे भरा आणि पोटभर डाउनलोड करा. थाळी सिस्टिमच म्हणा. थाळीत चौथी पोळी घेताना तिचा भाव कोण विचारतं?

२००६ मध्ये जेफ हाऊ या पत्रकाराने 'वायर्ड' मासिकात यावर एक लेख लिहिला. त्यात अमेरिकेतल्या एका संग्रहालयाच्या कामासाठी फोटो हवे होते. व्यावसायिक फोटोग्राफरने सवलतीत फोटोमागे शंभर ते दीडशे डॉलर सांगितले. तेवढ्यात बाईंना तसेच फोटो आयस्टॉकवर डॉलरभरात मिळाले. झालं, सौदा संपला. 'क्राउडसोर्सिंग' हा शब्द रुजला तो याच लेखापासून. त्याच वर्षी जुन्या, महागड्या फोटोंच्या धंद्यातली बडी कंपनी 'गेटी इमेजेस'ने आयस्टॉक पाच कोटी डॉलरना विकत घेतलं. म्हणजे स्वस्ताईशी भांडण्यापेक्षा तिलाच घरात आणलं.

त्यानंतर रेटने वर बघितलंच नाही. १ जून २०२० ला शटरस्टॉकने फोटोग्राफर्सचा वाटा १५ ते ४० टक्के असा पायऱ्यांमध्ये बांधला. जितके जास्त डाउनलोड तितकी वरची पायरी. आणि १ जानेवारी उजाडला की सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर! डाउनलोडमागे किमान मोबदला ठरला दहा सेंट. जगभरचे फोटोग्राफर तेव्हा जाम भडकले होते. दुसरीकडे २०१३ पासून 'अनस्प्लॅश'वर लोक चांगले फोटो चक्क फुकट देत होते. ती साइटही २०२१ मध्ये गेटीने घेतली.

थोडक्यात, ज्या बाजारात दादा आपला दिवे घाट घेऊन उतरला, तिथे शेजारच्या टपरीवर घाट फुकट मिळत होता.

होर्डिंगचं काय करायचं?

माझा पहिला विचार अर्थातच फिल्मी होता. नोटीस पाठवू, सोशल मीडियावर धुलाई करू, झालंच तर लेख लिहू! दादा म्हणाला, "आधी विचारू तर दे." त्याने त्या जाहिरात एजन्सीला साधा, नम्र मेल टाकला. फोटो माझा आहे, लायसन्स कुठून घेतलंत ते कळवाल का?

दोन दिवसांत उत्तर आलं. सोबत पावती. लायसन्स व्यवस्थित विकत घेतलेलं, एकदम रीतसर. कुणी चोरी केलेली नव्हती.

खरं सांगू? चोरी निघाली असती तर आम्हाला दोघांनाही बरं वाटलं असतं. भांडायला कुणीतरी मिळालं असतं. पण इथे कुणी काही चुकीचं केलंच नव्हतं. दादाने स्वतःच 'आय अ‍ॅग्री'वर टिचकी मारली होती.

इथे एक शब्द नीट समजून घ्या. 'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट नव्हे. म्हणजे एकदा पैसे भरले की लायसन्सच्या मर्यादेत तोच फोटो पुन्हा पुन्हा वापरता येतो, दर वापराला वेगळे पैसे पडत नाहीत. फोटो एका छोट्या ब्लॉगच्या कोपऱ्यात लागला काय आणि चाळीस फुटी होर्डिंगवर लागला काय, विकणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा तेवढेच पैसे. बरं, फोटो कुणी घेतला हेही तुम्हाला कळत नाही. रिपोर्टमध्ये फोटोचा नंबर, तारीख आणि रक्कम, बस्स. दादा त्या दिवशी उरुळी देवाचीला एका क्लायंटकडे गेला नसता तर त्याला आयुष्यात कळलं नसतं. आणि आता फोटो साइटवरून काढून टाकला तरी पुढची विक्री थांबेल, आधी दिलेलं लायसन्स परत घेता येत नाही.

मावशी, सुपरमॉडेल

मग आम्ही उलटा प्रश्न विचारला. पस्तीस हजारातले पैसे नेमके कुठून आले?

लिस्ट उतरत्या क्रमाने लावली आणि दोघंही हसायलाच लागलो. सूर्यास्त, कॉफीचा मग, लॅपटॉपवरचे हात या सगळ्या 'इंटरनॅशनल' फोटोंची कमाई जवळपास शून्य. तसे फोटो साइट्सवर लाखोंनी पडलेत. पहिल्या नंबरवर कोण? आमची मावशी! उकडीच्या मोदकाला कळ्या पाडताना. मागे स्टीलचा डबा, ओट्यावर सांडलेली पिठी, हातात हिरव्या बांगड्या. दरवर्षी गणपतीच्या आधी दोन महिने तो फोटो विकला जायला लागतो. दुसऱ्या नंबरवर भाजीच्या गाडीवरचा क्यूआर कोड आणि तो स्कॅन करणारे आजोबा. तिसऱ्यावर पावसात बंद पडलेली स्कूटर ढकलणारी मुलगी. (ती मी आहे. मला त्याबद्दल काही बोलायचं नाही.)

या तिन्ही फोटोंमध्ये एक गोष्ट कॉमन आहे. मॉडेल रिलीज. फोटोतल्या ओळखू येणाऱ्या माणसाने 'माझा फोटो जाहिरातीतही वापरायला माझी हरकत नाही' असं सही करून दिलेला कागद. तो नसेल तर फोटो फक्त 'एडिटोरियल' म्हणून विकता येतो, म्हणजे बातमी, लेख, पुस्तक यांसाठी. जाहिरातीसाठी नाही. दादाचे वारीचे अडीचशे फोटो याच खान्यात आहेत. दिवे घाटातून माउलींची पालखी चढताना त्या गर्दीत कुणाकुणाची सही घेणार?

मावशीने तो कागद सही करण्याआधी चष्मा लावून दोनदा वाचला होता. "घरावर कर्ज तर काढत नाहीयेस ना रे?" असं विचारलं होतं म्हणे.

मला वाटतं, खरी गोष्ट इथेच आहे. स्टॉकच्या बाजारात 'सुंदर' फोटोला किंमत उरलेली नाही. सुंदर फोटो पोत्याने पडलेत आणि आता तर ते मशीनही काढून देतं. २०२२ च्या अखेरीस 'अडोबी स्टॉक'ने एआयने बनवलेले फोटो विकायला घ्यायला सुरुवात केली. २०२३ मध्ये त्यांनी 'फायरफ्लाय' आणलं, तेही स्टॉकवरच्या फोटोंवरच शिकलेलं. त्याबद्दल फोटोग्राफर्सना बोनस दिला, पण त्यांना आधी विचारलं होतं का यावर बराच वाद झाला. ढगांतला हिरवा घाट त्या मशीनला दोन ओळींत सांगता येतो. मावशीच्या ओट्यावरची पिठी सांगता येत नाही, कारण ती तिथे सांडते हे आधी कुणाला तरी माहीत असावं लागतं. भारतीय चेहऱ्यांच्या, भारतीय घरांच्या फोटोंची वानवा आहे हे संदीप माहेश्वरी यांनी बऱ्याच आधी ओळखलं आणि २००६ मध्ये 'इमेजेसबझार' काढलं. मराठी घरात शिरायला मात्र अजून भरपूर जागा आहे.

रेट सांगायचा कसा?

दुपारी चहाबरोबर आम्ही एक कागद केला. दादाच्या फ्रिजवर तो आता चुंबकाने लावलाय. कॅमेरा बाळगणाऱ्या सगळ्यांसाठी तो इथे देतेय.

एक. हार्ड डिस्कचे दोन भाग करा. जो फोटो कुणीही काढू शकतं, तो स्टॉकवर जाऊ दे, मिळेल तो वडापाव खा. जो फक्त तुम्हीच काढू शकता, तो तिथे टाकू नका. तो तुमच्या साइटवर, छोट्या साइझमध्ये, नाव आणि ईमेलसकट.

दोन. कुणी फोटो मागितला की 'किती देणार?' असं विचारू नका. चार प्रश्न विचारा. कुठे वापरणार? किती मोठा, किती प्रती? किती दिवस? दुसऱ्या कुणाला देऊ नये असं म्हणणं आहे का? भाव या चार उत्तरांचा असतो. तुम्ही शटर दाबल्याचा नाही.

तीन. लेखी द्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सही केलेला कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. शिवाय, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणजे लग्नाचे फोटो परस्पर स्टॉकवर टाकायचे नाहीत. दादाने दोन नवऱ्यामुली टाकल्या होत्या. त्याच संध्याकाळी उतरवल्या.

चार. परदेशी साइटवर करविषयक फॉर्म भरा. त्याला 'डब्ल्यू-८ बेन' म्हणतात. दादाने तीन वर्षं कंटाळा केला. तो न भरल्यास अमेरिकेतल्या विक्रीवर तीस टक्के कापले जाऊ शकतात. भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवरचा दर पंधरा टक्के आहे. वडापावातला निम्मा पाव तरी वाचवा.

पाच. सणाचे फोटो सणाला टाकू नका. दिवाळीचे फोटो शोधणारे डिझायनर ऑगस्टमध्येच कामाला लागलेले असतात.

आणि एक कबुली

कागद लिहून झाला. दादा म्हणाला, "सहावा मुद्दा तू सांग."

मला कळलं त्याला काय म्हणायचंय.

दोन वर्षांपूर्वी मी वारीवर एक फीचर केलं होतं. फोटो हवे होते, बजेट नव्हतं. मी दादाला फोन केला. "दादा, चार फोटो दे ना. तुझं नाव छापतील!" त्याने दिले. चारही फोटो छापून आले, एक तर पानभर. मला मानधन मिळालं. त्याला एक अंक मिळाला, तोही मीच नेऊन दिला. नावात एक अक्षर चुकलं होतं.

पंचवीस सेंट देणाऱ्या साइटला मी रविवारी सकाळपासून शिव्या घालत होते. पण निदान पंचवीस सेंट तरी! मी त्याला काय दिलं होतं? 'क्रेडिट'. क्रेडिटवर चितळ्यांकडे बाकरवडी मिळत नाही. आणि मी स्वतः फ्रीलान्सर. "एक्स्पोजर मिळेल" म्हणून फुकट लेख मागणाऱ्यांची मी किती खिल्ली उडवते, हे माझ्या मैत्रिणींना विचारा.

म्हणून सहावा मुद्दा माझ्याच अक्षरात आहे. 'घरच्या माणसालाही बिल पाठव.'

दादाने सेकंड बॉडी विकायची की नाही ते अजून ठरवलेलं नाही. जुन्या कंपनीला त्याने महिनाभर थांबायला सांगितलंय. मी त्याला 'सोडू नकोस' असं म्हटलं नाही. त्याचे हप्ते मी भरत नाही, तर तसं म्हणण्याचा मला काय हक्क? पण वारीचे अडीचशे फोटो त्याने त्या रात्री साइटवरून उतरवले आणि पुण्यातल्या तीन प्रकाशकांना मेल केले. एकाचं उत्तर आलंय. त्याने विचारलं, "रेट काय?" दादाने चार प्रश्न पाठवलेत. उत्तराची वाट बघतोय.

आणि हो, या पानावर जो दिवे घाट दिसतोय ना, तो होर्डिंगवरचा नाही. त्याच पहाटेचा, त्याच्यानंतर दहा मिनिटांनी काढलेला. मी रीतसर कोटेशन मागवलं. एका अंकासाठी, अर्धं पान, एकदाच वापर, दीड हजार रुपये. मी सवयीने म्हटलं, "दादा, घरच्यांना काही कमी?"

"घरच्यांना रेट तोच," तो म्हणाला. "पोहे फुकट."

संपादकांनी बिल पास केलंय. नावातली अक्षरं या वेळी मी दोनदा तपासलीत.